पिवळ्या रेघेला घाबरू नका: नव्या पोरांसाठी स्टॅटिक अ‍ॅनालिसिस

घाटंजी, आर्णी, दिग्रसकडची बीसीए-इंजिनिअरिंगची पोरं सुट्टीत भेटली की प्रश्न ठरलेला असतो, "भाऊ, कोणती लँग्वेज शिकू?" कोणतीही शिका. पण तिच्यासोबत पहिल्या दिवसापासून एक लिंटर चालवा, म्हणजे कोड वाचून संशयाच्या ओळीखाली एडिटरमध्ये पिवळी रेघ मारणारं टूल. पुण्यातल्या पोराला रूममेट तरी कोड पाहून देतो. आपल्याकडे गावात बसून शिकणाऱ्याला तेवढंही मिळत नाही. ही उणीव ही टूल्स बऱ्यापैकी भरून काढतात.

स्टॅटिक अ‍ॅनालिसिस म्हणजे प्रोग्राम न चालवता, नुसता कोड वाचून गडबडीच्या जागा दाखवणं. हे काही नवं नाही. बेल लॅब्समध्ये स्टीफन जॉन्सनने सी भाषेसाठी 'लिंट' लिहिलं ते १९७८ मध्ये. आज पायथनला पायलिंट आणि रफ आहेत, जावास्क्रिप्टला ईएसलिंट, जावाला पीएमडी, चेकस्टाइल, स्पॉटबग्ज. सी शिकत असाल तर वेगळं काही बसवूही नका, जीसीसी या कंपायलरला 'वॉल' (-Wall) फ्लॅग द्या. इफच्या कंसात दोनऐवजी एकच बरोबरचं चिन्ह पडलं की तो तिथंच टोकतो.

उपयोग कसा होतो ते एका उदाहरणातच पाहा. आमच्याकडच्या एका पोराने जिनिंगच्या काटापट्टीसाठी छोटं अ‍ॅप केलं. एका शेतकऱ्याच्या दोन-तीन गाड्या कापूस असला तर सगळी वजनं एका लिस्टमध्ये घ्यायची आणि शेवटी बेरीज. लिस्ट दिली नाही तर रिकामी धरावी म्हणून त्याने फंक्शनच्या पॅरामीटरसमोरच रिकामी लिस्ट लिहून टाकली. एका शेतकऱ्यावर चालवून पाहिलं, आकडा बरोबर. दुसऱ्याची पट्टी काढली तर पहिल्याचे १२ क्विंटलही त्याच्याच नावावर! पायथन ती डीफॉल्ट लिस्ट फंक्शन तयार होताना एकदाच बनवतो आणि पुढे दरवेळी तीच वापरतो. पोरगं संध्याकाळभर बेरजेची ओळ तपासत बसलं. पायलिंट चालवलं तर नेमक्या त्या ओळीवर सूचना: डब्ल्यू०१०२, 'डेंजरस डीफॉल्ट व्हॅल्यू'. डीफॉल्ट 'नन' ठेवायचा आणि लिस्ट फंक्शनच्या आत बनवायची, झालं.

खरी शिकायची जागा तो नंबर आहे. नुसती ओळ बदलून पुढे जाऊ नका, नंबर शोधून त्या नियमाचं पान वाचा. चुकीचा कोड, बरोबर कोड, आणि कारण, तिन्ही तिथं असतात. भाषेचे असे कोपरे क्लासमध्ये कोणी दाखवत नाही.

आता टूलला काय कळत नाही तेही बघा. त्याच अ‍ॅपमध्ये ओलाव्याची कपात होती. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदीत ८ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो, त्याच्या वर भाव कापतात आणि १२ च्या वर कापूस घेत नाहीत. कोडमध्ये ८ च्या जागी १८ पडलं असतं तर जगातलं एकही लिंटर बोललं नसतं. त्यासाठी टेस्ट, म्हणजे उत्तर बरोबर येतं का ते तपासणारा छोटा कोड, लिहायच्या, आणि टेस्टमधले आकडे कापूस विकून आलेल्या बाबांना विचारून घालायचे.

मोजमापाचंही तसंच. थॉमस मॅकेबने १९७६ मध्ये सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी मांडली, म्हणजे कोड किती गुंतागुंतीचा आहे त्याचा आकडा. ढोबळमानाने फंक्शनमधले इफ आणि लूप मोजा, त्यात एक मिळवा. १० च्या पुढे गेलं तर फंक्शन तोडायचा विचार करा, असं त्यानेच सुचवलं होतं. विचार करा, लगेच तोडू नका. सरळ एकाखाली एक अटींचं फंक्शन १५ वर गेलं तरी वाचता येतं. एकात एक घुसलेल्या अटींचं ६ वरच डोकं खातं. पायलिंट तर १० पैकी गुण देतो, आणि आपल्या पोरांना मार्क दिसले की संपलंच! डॉकस्ट्रिंग (फंक्शन काय करतं ते सांगणारी ओळ) नाही म्हणून गुण कापले, तर 'हे एक फंक्शन आहे' असं लिहून १० पैकी १० घेणारे मी पाहिले आहेत.

जुन्या, ४ जीबीच्या लॅपटॉपवर सोनारक्यूबचा (पूर्ण प्रोजेक्ट तपासणाऱ्या मोठ्या टूलचा) सर्व्हर चढवायच्या भानगडीत पडू नका, मशीन बसेल. रफ हलकं आहे, एकदा उतरवलं की नेट नसतानाही चालतं. सुरुवातीला त्याचे मोजकेच नियम चालू ठेवा. सगळे एकदम लावले की स्क्रीन पिवळी होते आणि माणूस टूलच काढून टाकतो.

नोकरी लागल्यावर जुना प्रोजेक्ट हाती येईल आणि त्यात हजारो सूचना निघतील. उत्साहात दोनशे फाइली साफ करून पाठवू नका, कोणी तपासणार नाही आणि चालू असलेलं काहीतरी मोडेल ते वेगळंच. आपण हात लावला तेवढाच कोड स्वच्छ ठेवा. सोनारक्यूबचाही भर नव्या कोडवरच असतो.

रेझ्युमेत लिंटरचं नाव लिहिणार असाल तर एक प्रश्न गृहीत धरा: "कोणता नियम बंद केला, आणि का?" मी मुलाखत घेतो तेव्हा हमखास विचारतो. म्हणून सूचना दाबायची वेळ आली तर पूर्ण फाइलला सूट देऊ नका. रफ वापरत असाल तर त्याच ओळीवर 'नोक्वा' (# noqa:) लिहा, पुढे नियमाचा नंबर, आणि कमेंटमध्ये एका वाक्यात कारण. मराठीत लिहिलंत तरी चालेल, पण टीममधल्या बाकीच्यांना वाचता यायला हवं.