नाताळातला पॉइनसेटिया: पाणी घालण्याआधी कुंडी उचलून बघा

नाताळात हौसेने आणलेल्या पॉइनसेटियाची, म्हणजे लाल पानांच्या त्या शोभेच्या झाडाची, पानं जानेवारीत पिवळी पडून गळायला लागतात. त्यावर बहुतेक घरांत एकच इलाज होतो: आणखी पाणी. झाड बहुधा त्यानेच जातं.

माती कोरडी पडली तरी पानं मलूल होतात आणि मुळं कुजली तरीही. वरून फरक कळत नाही, म्हणून कुंडी उचलून बघा. हलकी लागली आणि वरची माती बोटाला कोरडी लागली, तर तळातून निथळेपर्यंत पाणी द्या. कुंडी जड, माती ओली आणि तरी झाडाने मान टाकलेली असेल, तर मूळकूज समजा. मातीचा गोळा अलगद बाहेर काढा. निरोगी मूळ पांढरट, कडक असतं. कुजलेलं तपकिरी मूळ चिमटीत धरून ओढलं की साल निघून येते आणि आत दोऱ्यासारखा गाभा उरतो. अशी थोडीच मुळं असतील तर कापून टाका आणि झाड निचऱ्याच्या नव्या मातीत लावा. निम्म्याहून जास्त गेली असतील तर नाद सोडलेला बरा. आणि कुंडीभोवतीचा तो चकचकीत कागद आणल्या दिवशीच काढा. पाणी साचतं ते त्यातच.

पान हलवल्यावर बारीक पांढरे कीटक उडाले तर ती पांढरी माशी. लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा सौम्य द्रव साबण घालून संध्याकाळी पानांच्या मागून फवारा, आठवड्याने पुन्हा. आधी एका पानावर करून बघा, लाल पानांवर डाग पडू शकतात. पिठ्या ढेकूण, म्हणजे कापसासारखा दिसणारा पांढरा कीटक, स्पिरिटच्या बोळ्याने पुसून निघतो.

फेब्रुवारी-मार्चमध्ये लाल रंग विटला तर तो रोग नव्हे. तो रंग फुलांचा नसून पानांचाच. फुलं म्हणजे मधले पिवळे ठिपके. तेव्हा चार-सहा इंच ठेवून छाटा. चीक अंगाला खाजतो, हातमोजे घाला, डोळ्यांना हात लावू नका.

पुढच्या नाताळात रंग हवा असेल तर ऑक्टोबरपासून आठ-दहा आठवडे रोज 14 तास सलग काळोख लागतो. गॅलरीत रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड आला तरी झाड हिरवंच राहतं. संध्याकाळी पाचला खोकं पालथं घाला, सकाळी सातला काढून झाड उजेडात ठेवा.