दालचिनीची पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या: परभणीत लागू पडलेला उपाय

कुंडीतलं 'कोकण तेज' या दालचिनीच्या जातीचं कलम. दालचिनीचं कोवळं पान लालसरच फुटतं, पण इथे ते हिरवं व्हायच्या ऐवजी थेट पिवळं पडायचं. हिरव्या राहायच्या त्या फक्त शिरा. कुंडीच्या काठाला पांढरा थर.

शेणखत, युरिया, हिराकस (लोहाचं खत, फेरस सल्फेट), सगळं करून झालं. अगदी जीव मेटाकुटीला आला होता.

ही लोहाची कमतरता. आपल्याकडच्या काळ्या मातीत चुनखडी, त्यात बोअरचं जड, क्षारांचं पाणी. लोह असूनही मुळांना मिळत नाही, घातलेलं हिराकसही तसंच अडकून पडतं.

पावसाळा लागल्यावर कलम काढलं, मुळं न दुखवता काळी माती हलकेच झाडली. नवं मिश्रण: दोन भाग लाल माती, एक भाग धुतलेलं कोकोपीट, एक भाग गांडूळखत. आठवड्याने 'ईडीडीएचए' चिलेटेड लोह (मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या रसायनात बांधलेलं लोह), लिटरभर पाण्याला १ ग्रॅम, संध्याकाळी मुळाशी. पाकिटावर 'ईडीटीए' असेल तर घेऊ नका, चुनखडीत ते टिकत नाही. पाणी फक्त पावसाचं, पत्र्यावरून टाकीत साठवलेलं.

जुनी पानं पिवळीच राहतात, नवी बघा. माझ्याकडे पुढची फूट हिरवीगार आली. उन्हाळ्यात ५० टक्के शेडनेट लागतंच, नाहीतर पानांची टोकं करपतात.