मामा तलावाचं पाणी हिरवं झालं? जेसीबी बोलवायच्या आधी हे करा

भंडारा-गोंदियाकडं जवळपास दर गावाला मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव आहे, आणि पाणी पोपटी झालं, वर साय आली की ग्रामपंचायत जेसीबी लावून जलपर्णी काढते, फोटो निघतात, पुढच्या सालात पुन्हा जैसे थे. काहून? तं शेवाळ अन् जलपर्णी ज्याच्यावर पोसते तो खतातला, सांडपाण्यातला फॉस्फरस येणं बंदच झालं नाही.

हिशोब पाहा. डीएपीच्या ५० किलोच्या एका पोत्यात निव्वळ फॉस्फरस साधारण १० किलो. तलाव १० एकरचा, सरासरी अडीच मीटर पाणी, म्हणजे झालं एक लाख घनमीटर. ते पोतं सगळं वाहून आत आलं तर लिटरमागं ०.१ मिलिग्रॅम वाढते, आणि पाणी हिरवं व्हायला ०.०३-०.०४ पण पुरते भाऊ. त्यात गावची नाली अन् गोठ्याचं पाणी वेगळंच.

तर पहिलं काम मोजायचं, आणि त्याला मोठी मशीन लागत नाही. पत्र्याची २० सेंटीमीटरची गोल थाळी घ्या, चार भाग पाडून एकाआड एक काळा-पांढरा ऑइल पेंट मारा, मधात भोक, खाली वजन, न ताणणारी दोरी आणि दोरीवर दर १० सेंटीमीटरला खूण. याला सेकी डिस्क म्हणतात. डोंगा घेऊन सगळ्यात खोल जागी जा, सकाळी १० ते दुपारी २ च्या मधात, डोंग्याच्या सावलीच्या बाजूनं थाळी सोडा, दिसेनाशी झाली तो आकडा लिहा, मग ओढताना परत दिसली तो लिहा, दोन्हीची सरासरी. आकडा दोन मीटरपेक्षा कमी आला की खत जास्त झालंय समजा, अर्धा मीटर म्हणजे लईच बिघडलं. फक्त पावसाळ्यात गढूळ पाण्यानंही आकडा घसरतो, म्हणून बाजूला रंग लिहा, मातकट का पोपटी. महिन्यातून दोनदा, जागा तीच, वेळ तीच.

पाण्यातला ऑक्सिजन मात्र किटनं उजाडायच्या आधी मोजा. शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडते अन् रात्री तेच खाते, त्यामुळं दुपारी रीडिंग झकास येते आणि पहाटे मासोळ्या तोंड वर काढून राहतात. लिटरला ३ मिलिग्रॅमच्या खाली गेलं की मासोळी मरायला लागू शकते. मासे धरणाऱ्या ढिवर मंडळींना विचारत जा, त्यांना हे किटच्या आधी कळते.

लॅबमध्ये सालातून तीनदा द्या: उन्हाळ्यात, पहिल्या पुरानंतर आणि दिवाळीनंतर. मागताना 'टोटल फॉस्फरस' म्हणा, नुसतं फॉस्फेट नको, कारण विरघळलेलं फॉस्फेट शेवाळानं आधीच पिऊन टाकलं असते अन् रिपोर्ट उगाच चांगला दिसतो. बाटली साबणानं धुऊ नका, नमुना बर्फात न्या.

आता सुधारायचं. आधी नाली वळवा, बाकी सगळं त्याच्यानंतर. खत टाकल्यावर काही दिवस बांधीतलं (धानाच्या शेतातलं) पाणी बांधीतच अडवा. जलपर्णी काढली तं काठावर ढीग लावू नका, सडून सगळं परत आत जाते. तणनाशक तं मारूच नका. हायड्रिलासारखं पाण्याखालचं गवत राहू द्या, ते खत ओढते आणि गाळ धरून ठेवते, आणि ग्रासकार्प मासा ते फस्त करतो, सायप्रिनस मासा गाळ उकरतो, म्हणून दोन्हीचं बीज सोडू नका. पोपटी साय असेल तवा गुरांना पाणी पाजू नका, काही निळं-हिरवं शेवाळ विषारी असते.

नाली वळवली तरी दोन-तीन सालं पाणी हिरवंच राहील, मग लोकं म्हणतील पैसे बुडाले. तसं नसते, तळाच्या गाळात जुना फॉस्फरस बसलेला असतो आणि खाली ऑक्सिजन संपला की तो सुटतो. अमेरिकेतल्या सिएटलच्या लेक वॉशिंग्टनमधून १९६३ ते १९६८ मध्ये सांडपाणी वळवलं आणि थोड्याच सालांत पाणी नितळ झालं, पण तो खोल तलाव, आपले उथळ, इथं पुरतं सुधारायला १०-१५ सालं धरून चाला. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' मधून उन्हाळ्यात वरचा काळा गाळ शेतात नेला तर हा वेळ कमी होऊ शकतो, फक्त नाली चालू ठेवून गाळ काढू नका.

वही दोन ठेवा, एक शाळेत अन् एक मच्छीमार सोसायटीत, सरपंच बदलला की ग्रामपंचायतीतले कागद सापडत नाहीत.