हेल्थकेअर फंडात शिरायचंय? बायोडाट्याआधी एक पानी टिपण लिहा

बायोटेक, फार्मसी किंवा एमबीबीएसच्या मुलांनी हेल्थकेअर फंडाकडे (म्हणजे आरोग्य क्षेत्रातल्या स्टार्टअपमध्ये पैसे गुंतवणाऱ्या संस्थेकडे) नोकरीसाठी नुसता बायोडाटा धाडू नये. सोबत एका खऱ्या स्टार्टअपवरचं एक पानी टिपण जोडावं. कंपनी शोधायला पुण्यात एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) आवारातलं व्हेंचर सेंटर हे स्टार्टअपना जागा आणि मदत देणारं केंद्र बघा, किंवा बायरॅक या केंद्र सरकारच्या बायोटेक संस्थेचं ‘बिग’ अनुदान (५० लाखांपर्यंत, १८ महिने) मिळालेल्यांची यादी.

त्या कंपनीचं पेटंट वाचताना आधी दावे (नेमक्या कशावर हक्क मागितलाय तो भाग) वाचा. पेटंटचा सारांश तर कोणीही गोड लिहितो. भारतात पेटंट कायद्याच्या कलम ३(आय)मुळे उपचारपद्धतीला पेटंट नाही, उपकरणाला मिळू शकतं. परवान्याचं एका ओळीत: २०१७च्या वैद्यकीय उपकरण नियमांत उपकरणांचे जोखमीनुसार ए ते डी असे चढते वर्ग आहेत; बी वर्गाच्या उपकरणाचा उत्पादन परवाना राज्य देतं, सी आणि डीचा केंद्र.

मुलं घसरतात ती बाजाराच्या हिशोबात. ‘देशात इतके कोटी मधुमेही’ हे वाक्य खोडाच. तालुक्याच्या गावातलं एक हॉस्पिटल धरा: यंत्र ६ लाखांचं, महिन्याला १०० तपासण्या, दर २०० रुपये. पैसे ३० महिन्यांत वसूल, असं वाटतं. पण प्रत्येक तपासणीला ८० रुपयांची पट्टी लागते, म्हणजे हातात १२० उरतात आणि वसुली ५० महिन्यांवर जाते. तंत्रज्ञाचा पगार अजून धरलेलाच नाही. डॉक्टर एवढं थांबेल का, ते टिपणात स्पष्ट लिहा.