घरकुलाचा अर्ज बाद होतो तो कुठे? या चुका टाळा

एका मावशींचं नाव घरकुलाच्या यादीतून गळालं होतं. कुडाच्या भिंती, वर गवत, आत एकच खोली. पण सर्वेक्षणात नोंद झाली होती 'खोल्या ३'. झालं असं की सर्वेक्षकाने विचारलं, "किती खोल्या?" आणि शेजारी उभ्या जावयाने पडवी आणि गोठाही मोजून टाकला. मावशी गरीब नाहीत असं कुणीच म्हटलं नव्हतं. एका आकड्याने घात केला.

अर्ज भरून द्यायला बसलं की हेच पुन्हा पुन्हा दिसतं. माणूस खरोखर पात्र असतो, पण नियम नेमकं काय विचारतोय ते न कळल्याने कागदावर अपात्र ठरतो.

गावाकडचं आधी. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) मध्ये पहिली चाळणी घराचीच लागते. भिंत किंवा छप्पर यांपैकी एक जरी पक्कं नोंदलं गेलं, किंवा दोनपेक्षा जास्त खोल्या लागल्या, की नाव तिथेच थांबतं. म्हणून सर्वेक्षक आला की घरातल्या माहीतगार माणसाने उत्तरं द्यावीत आणि काय नोंदवलं ते वाचून दाखवायला सांगावं. फोटो स्वतःच्याच घरासमोर काढावा. भावाचं घर रस्त्याला लागून आहे, तिथे उजेड चांगला आहे म्हणून त्याच्या ओट्यावर उभं राहून फोटो काढणारे लोक मी पाहिलेत. फोटोत भावाची स्लॅब दिसते आणि पुढचं सगळं बोलणं वाया जातं.

दुसरी चाळणी वगळण्याच्या निकषांची. हे निकष आधी १३ होते, आता १० आहेत, आणि इथे लोक स्वतःच स्वतःला बाद करतात. "माझ्याकडे मोटारसायकल आहे, मला कुठलं मिळतंय" असं म्हणून अर्जच करत नाहीत. दुचाकी, फ्रीज आणि लँडलाइन या अटी आता गेल्या आहेत. तीनचाकी किंवा चारचाकी वाहन असेल तर मात्र अडतं. कुटुंबातल्या कुणाचीही कमाई महिन्याला १५ हजारांच्या वर असली तरी अडतं. ही मर्यादा पूर्वी १० हजार होती. घरात कुणी आयकर किंवा व्यवसाय कर भरत असेल, सरकारी नोकरीत असेल, तर अर्जावर वेळ घालवू नका.

किसान क्रेडिट कार्डाचा घोळ वेगळाच. अट आहे ५० हजार किंवा त्याहून जास्त मर्यादेची. लोक सांगतात, "मी तर २० हजारच उचललेत." उचल किती हा प्रश्नच नाही, बँकेने मंजूर केलेली मर्यादा किती ते पाहतात. पासबुक घेऊन बँकेत जा आणि हा आकडा आधी विचारून घ्या.

जमिनीचंही तसंच. बागायत अडीच एकर किंवा जास्त, जिरायत पाच एकर किंवा जास्त असेल तर नाव वगळतात. सातबाऱ्याच्या खालच्या भागात, म्हणजे नमुना १२ मध्ये, पीक जलसिंचित लिहिलंय की अजलसिंचित, हे कुणी बघत नाही. विहीर आटून कित्येक वर्षं झाली तरी कागदावर बागायत चालूच असते. ती नोंद तलाठ्याकडून आधी दुरुस्त करून घ्या, मग अर्जाचं बघा.

शहरात नियम वेगळे आहेत आणि गावचे नियम तिथे लावून पाहणं हीच मोठी चूक. प्रधानमंत्री आवासच्या शहरी योजनेचा दुसरा टप्पा १ सप्टेंबर २०२४ पासून सुरू झाला. तिथे कुणा एकाची महिन्याची कमाई पाहत नाहीत, पूर्ण कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न पाहतात: ३ लाखांपर्यंत आर्थिकदृष्ट्या दुर्बल, ६ लाखांपर्यंत अल्प, ९ लाखांपर्यंत मध्यम गट. भारतात कुठेही कुटुंबातल्या कुणाच्याही नावावर पक्कं घर नसावं. गावाकडचं वडिलोपार्जित घर बायकोच्या किंवा नवऱ्याच्या नावावर चढलेलं असेल तर तेही धरतात, आणि ते लपवून काही साधत नाही.

मात्र 'कुटुंब' म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं-मुली, एवढंच. वडिलांचं पक्कं घर आहे म्हणून लग्न झालेला मुलगा अर्ज करत नाही, हे चुकतंय. त्याच्या स्वतःच्या किंवा बायकोच्या नावावर पक्कं घर नसेल तर त्याचं कुटुंब वेगळं धरलं जातं. गेल्या २० वर्षांत कुठल्याही सरकारी घरयोजनेचा लाभ घेतला असेल तर मात्र दार बंद.

प्रधानमंत्री आवासच्या यादीत नाव नाही म्हणजे सगळं संपलं, असंही नाही. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी रमाई आवास, आदिवासींसाठी शबरी, विमुक्त आणि भटक्यांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत, इतर मागासवर्गासाठी मोदी आवास. जातीचा दाखला आधीच काढून ठेवला असेल तर अर्धं काम झालेलं असतं. घरकुल मंजूर झालं पण जागाच नाही, म्हणून नकार लिहून देणारेही भेटतात. जागा खरेदीसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून अर्थसाहाय्य मिळतं, तेव्हा कशावरही सही करण्याआधी पंचायत समितीत त्याची चौकशी करा.

आता ज्यांना आज रात्री डोक्यावर छप्पर नाही, त्यांच्याबद्दल. घरकुल आणि रात्रनिवारा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फुटपाथवर, पुलाखाली किंवा फलाटावर झोपणाऱ्या माणसाला घरकुलाचा फॉर्म हातात देणं म्हणजे तहानलेल्याला विहीर खणायला सांगणं. शहरी बेघरांच्या निवाऱ्याचा निकष दर एक लाख लोकसंख्येमागे १०० जणांची सोय असा आहे, आणि निवारा बारा महिने, चोवीस तास उघडा हवा. उत्पन्नाचा दाखला तिथे लागत नाही. उलट निवाऱ्यात राहणाऱ्याला ओळखपत्र आणि पत्ता मिळवून देणं हे निवारा चालवणाऱ्यांच्या कामात येतं. म्हणून "आधार नाही, मग मला कोण आत घेणार" असं समजून परत फिरू नका. तिथल्या पत्त्यावर आधार आणि बँक खातं झालं, की पुढच्या अर्जांना पाय फुटतात.

बँक खात्याचं एक सांगायचं राहिलं. आधारवर 'सुनीताबाई', पासबुकात 'सुनिता', सातबाऱ्यावर माहेरचं आडनाव, अशी तीन नावं घेऊन येऊ नका. घरकुलाचा हप्ता आधार जोडलेल्या खात्यात जमा होतो, आणि नाव जुळलं नाही की तो अडकतो.

नाव बाद झालंच तर "साहेब म्हणाले, होत नाही" यावर घरी जाऊ नका. कारण लेखी मागा. ग्रामसभेत यादी वाचली जाते, तिथे हजर राहून हरकत नोंदवा आणि ती इतिवृत्तात आली का ते पाहा. तिथेही निभावलं नाही तर जिल्हा पातळीवर अपील समिती असते. वरच्या मावशींच्या अर्जासोबत आम्ही गोठ्याचे दोन फोटो जोडले, एकात म्हैस बांधलेली. खाली लिहिलं: "ही खोली नाही."