नागपुरात फळझाडाची जात निवडताना या चुका टाळा

जुलैत नागपूरची हवा अशी असते की धुतलेले कपडे दोन-दोन दिवस ओले राहतात. नेमके तेव्हाच लोक नर्सरीत जातात आणि ‘उष्ण-दमट हवामानात उत्तम’ अशी चिठ्ठी वाचून रोप उचलतात. नर्सरीवालाही म्हणतो, “घेऊन जा ना भाऊ, मस्त येते.” पण आपल्याकडे दमट हवा जून ते सप्टेंबर एवढीच. नवतप्यात, म्हणजे मेअखेरीच्या तापत्या नऊ दिवसांत, पारा ४५ पार जातो, हवा ठणठणीत कोरडी. जानेवारीत एखाद्या थंडीच्या लाटेत तोच १० अंशांखाली उतरतो. झाडाला हे सगळं सोसायचं असतं.

रामबुतान आणि मँगोस्टीन म्हणूनच टाळा. ही बारमाही दमट हवेतली झाडं. मे महिन्यात पानांच्या कडा करपायला लागल्या की लोक पाणी वाढवतात, पण कोरड्या झळांत मुळांनी ओढलेलं पाणी पानांना पुरत नाही. वर आळ्यात पाणी साचून मुळं सडतात ती वेगळीच.

हापूसचा हट्ट

हापूस इथे जगतो, पण एक वर्ष देतो, एक वर्ष रुसतो. शिवाय साका. वरून पिवळाधमक आंबा कापावा आणि आत पांढरट, आंबूस गर निघावा. फळ झाडावरच पिकू दिलं तर हे आणखी वाढतं. घरच्या अंगणाला माझ्या मते आम्रपालीच बरी. दशेरी आणि नीलमच्या संकरातून १९७१ मध्ये आलेली ही ठेंगणी जात दरवर्षी फळते आणि अडीच मीटर अंतरातही मावते. एकच खोट आहे: ती उशिरा पिकते, त्यामुळे पहिल्या पावसाबरोबर फळमाशी येते. मेअखेरीलाच फळमाशी पकडणारा रक्षक सापळा टांगा. ‘बारमाही’ आंब्याचा मोह मात्र नको. पावसाळ्यात आलेला मोहोर करपा रोगाने काळा पडतो.

कलमाचा जोड न पाहणे

“चिकू पाच वर्षांचा झाला, फळच नाही,” ही तक्रार नेहमीची. चिकूचं कलम खिरणी या दुसऱ्या झाडाच्या खुंटावर, म्हणजे मुळं असलेल्या खालच्या रोपावर, बांधतात. वरचा चिकू मेला आणि खालून खिरणी फुटली, की झाड हिरवंगार दिसतं पण चिकू येणार कुठून? पान हातात घ्या. खिरणीच्या पानाचा शेंडा बोथट आणि मधोमध किंचित खाच असलेला असतो. चिकूचं पान टोकाकडे निमुळतं होतं. जोडाखालचे फुटवे दिसताक्षणी काढत चला. जात घ्यायची तर कालीपत्ती.

संत्र्याचंही तसंच. जंभेरी किंवा रंगपूर लाईम या लिंबूवर्गीय झाडांच्या खुंटावर बसवलेला संत्र्याचा डोळा, म्हणजे कलमाचा जोड, जमिनीपासून निदान नऊ इंच वर हवा. डोळा मातीत गाडला गेला तर पावसाळ्यात डिंक्या, म्हणजे बुंध्यातून डिंक गळण्याचा रोग, ठरलेला.

माती न तपासणे

आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात पाणी धरून ठेवते. पपईच्या बुंध्याशी दोन दिवस पाणी तुंबलं की झाड गेलंच समजा, मग जात कोणतीही असो. उंचवटा करूनच लावा. संत्र्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसत असतील, तर मातीत चुनखडी आहे का ते पाहा: सुक्या ढेकळावर व्हिनेगर टाकलं आणि फसफसलं, तर आहे. अशा मातीत लोह असूनही झाडाला मिळत नाही.

जातीला उगाच दोष देणे

सीताफळाची फुलं मे महिन्यात गळतात म्हणून बाळानगर जातीचं झाड उपटू नका. कोरड्या हवेत फळ धरतच नाही, पाऊस लागला की धरतं. पेरूत अळ्या निघाल्या तरी सरदार ही जात वाईट ठरत नाही. १९२७ मध्ये पुण्याच्या गणेशखिंडीत निवडलेली ही जात आजही घरच्या बागेला चांगली आहे. पावसाळी पेरू पाणचट आणि किडका असतोच. उन्हाळ्यातली फुलं खुडून टाका, मृग बहार, म्हणजे पावसाच्या सुरुवातीची फुलं, धरा आणि पेरू थंडीत खा.