महागड्या मशीनवर गोधडी शिवताना कोणती बटणं खरंच वापरायची

शेकडो नक्षीटाके असलेलं मशीन घरी आलं, तरी गोधडीला सरळ टाकाच लागतो. तुकडे जोडताना टाका 2 ते 2.5 मिमी, तिन्ही थर (वरचं कापड, मधला भराव, खालचं अस्तर) एकत्र शिवताना 3 ते 3.5. नक्षीटाके बहुतेक पडूनच राहतात. फार तर काठाला एखादा.

सगळ्यात आधी 'सुई खाली' चालू करा. थांबल्यावर सुई कापडातच रुतून राहते, कोपऱ्यावर प्रेसर फूट (कापड दाबून धरणारा पाय) उचलून कापड फिरवलं तरी टीप सरकत नाही. सोबत गुडघ्याने फूट उचलणारा दांडा लावा. तो बहुतेकांकडे खोक्यातच राहतो, आणि हे खरंच वाईट वाटतं, कारण त्याने दोन्ही हात कापडावर राहतात.

चुण्या का पडतात? फूटखालचे कापड सरकवणारे दाते फक्त अस्तर ओढतात, वरचा थर फूटखाली मागे राहतो आणि आडव्या टिपेपाशी गोळा होतो. उपाय म्हणजे वॉकिंग फूट (वरचा थरही सोबत सरकवणारा वेगळा फूट) किंवा मशीनमधलं ड्युअल फीड, म्हणजे तीच सोय अंगभूत. तरीही चुणी आलीच, तर फूटचा दाब एक-दोन अंकांनी कमी करा. ही सेटिंग फारसं कुणी उघडत नाही.

मुक्तहस्त वेलबुट्टीसाठी, म्हणजे कापड हाताने फिरवत नक्षी शिवताना, दाते खाली घ्या, 90/14 मापाची क्विल्टिंग सुई लावा.

दोरा आपोआप कापणारं बटण तुकडे जोडताना उत्तम. तिन्ही थरांवर मात्र नको: दोऱ्याचं शेपूट आखूड राहतं, गाठ मारून आत ओवता येत नाही, खाली गुंता होतो. तिथे एक टाका घेऊन खालचा दोरा वर ओढा आणि दोन्ही टोकं धरून सुरुवात करा.